एस्टीमला टर्बो: कोल्हापुरातल्या शेडमधल्या नोंदी

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

सकाळी पाना-पेटी, ग्राइंडर, ड्रिल सगळं धुऊनपुसून पूजा केली. त्या ओळीत शेवटी टर्बो ठेवला, म्हणजे एक्झॉस्टच्या धुराने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्यालाही हळदकुंकू लावलं. बाबांनी विचारलं, "हे कुठल्या देवाचं?" म्हटलं, डिझेल स्विफ्टचं.

तो बसवायचाय ती गाडी बाबांचीच, २००३ ची एस्टीम. इंजिन जी-१३, १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, एमपीएफआय, नवी असताना ८५ अश्वशक्तीची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असला बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून आधी नोंदणी रद्द करून घेतली आणि मगच हात लावला. आता ती फक्त बंद आवारात पळणार, नेताना टोइंग व्हॅनवर.

टर्बो केपी-३५. १.३ लिटर मल्टीजेट डिझेलवर असतो तो, मुठीएवढा. भंगारात ६,५०० ला मिळाला. शाफ्ट बोटांत धरून हलवला: आडवा किंचित हलतो, तो हलायलाच हवा, कारण बेअरिंग तेलावर तरंगतं. आत-बाहेर मात्र अजिबात हलत नाही. पंख्यांच्या कडा धारदार, घराला घासल्याची खूण नाही. घेतला.

लहान टर्बो मुद्दाम निवडलाय. वरच्या आरपीएमला तो कोंडणार हे माहीत आहे, पण ऑटोक्रॉसच्या (मोकळ्या आवारात आखलेल्या वाटेवरच्या शर्यतीच्या) वळणावळणांत सहा हजाराला कोण जातंय? मला ताकद अडीच हजाराला हवी.

५ ऑक्टोबर

काहीही उघडण्याआधी इंजिनाची तब्येत पाहिली. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, गरम इंजिन, थ्रॉटल पूर्ण उघडा: १७८, १८०, १७६, १७८ पीएसआय. बावीस वर्षांच्या इंजिनाला हे उत्तम म्हणायचं. यात दहा टक्क्यांहून जास्त फरक असता तर टर्बोचा विषय तिथेच संपवला असता. आजारी माणसाला बुलेट देण्यातली गत.

बूस्टचं, म्हणजे टर्बो हवेला देईल त्या जादा दाबाचं, धोरण ठरवून टाकलं. पिस्टन, रॉड, हेड पॅकिंग सगळं कंपनीचं आहे तसंच ठेवायचं आणि ०.४५ बारच्या वर जायचं नाही. कितीही मोह झाला तरी. हे इथे लिहून ठेवतोय कारण मी मला ओळखतो.

इंजेक्टरचा हिशोब: धरून चालू १२० अश्वशक्ती. टर्बो पेट्रोलला प्रति अश्वशक्ती तासाला साधारण ०.६ पौंड इंधन, म्हणजे ७२ पौंड. चार इंजेक्टरांत १८-१८. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणून २२.५ पौंड, म्हणजेच मिनिटाला अंदाजे २३६ सीसी. दुसऱ्या एका गाडीचे जुने इंजेक्टर मिळालेत. अल्ट्रासॉनिकमधून धुऊन आणले आणि बाबांच्या खोकल्याच्या औषधाच्या मापात नव्हे, तर पॉलिटेक्निकमधल्या मित्राकडच्या मोजनळ्यांत ३० सेकंद सोडून पाहिले: १३७, १३९, १३८, १३८ मिली. म्हणजे मिनिटाला २७५ च्या आसपास. चालतंय.

९ ऑक्टोबर

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलिंडरचा धूर गोळा करणारे पाइप. या इंजिनात एक्झॉस्ट पुढच्या अंगाला, रेडिएटरकडे. टर्बो त्याच फटीत बसवायचा. जागा किती? पुठ्ठ्याचा टर्बो करून बसवून पाहिला तर रेडिएटरच्या पंख्याला टेकतो. पंखा काढून पुढच्या बाजूने ढकलणारा पातळ पंखा लावावा लागणार.

फ्लँजचं (बोल्टने आवळायच्या जोडपट्टीचं) माप घेण्याची माझी जुनी पद्धत: टर्बोच्या तोंडाला ग्रीसचं बोट फिरवायचं आणि जाड ड्रॉइंग पेपरवर शिक्का मारल्यासारखं दाबायचं. भोकांची केंद्रं व्हर्नियरने तपासून घ्यायची. हेडसाठीही तेच, जुन्या पॅकिंगवरून. दोन्ही आकृत्या लेझर कटिंगला दिल्या, १० मिमी प्लेट.

पाइपसाठी लांब जावं लागलं नाही. साखर कारखान्यांच्या स्टीम लाइनसाठी लागणारे वेल्डिंग बेंड आपल्याकडे हवे तेवढे मिळतात. सव्वा इंची, शेड्यूल ४०: बाहेरून ४२.२ मिमी, भिंत साडेतीन मिमीची. एक्झॉस्टच्या पातळ पाइपने केलेला मॅनिफोल्ड दिसायला सुरेख, पण टर्बोचं वजन आणि लालभडक उष्णता यांत तडकतो. हा जड आहे, कुरूप आहे, टिकेल.

१४ ऑक्टोबर

उद्यमनगरातल्या आर्गॉन वेल्डिंगवाल्या मामांकडे गेलो. दारात स्टीम पाइपांची रास. "भावा, कारखान्यांचं काम उरावर बसलंय. गळीत सुरू व्हायच्या आत सगळ्या लाइनी द्यायच्या हायत. तुझं हे बाहुलीचं काम दिवाळीनंतर बघू."

मुकाट परत आलो.

१७ ऑक्टोबर

मोकळा वेळ वेस्टगेटला दिला, म्हणजे बूस्ट पुरेसा झाला की धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या दाराला, आणि बरं झालं. डिझेलचा वेस्टगेट ॲक्चुएटर (बूस्टच्या दाबाने ते दार उघडणारी डबी) पेट्रोलला तसाच वापरायचा नाही, हे वाचलं होतं; आज मोजून पाहिलं. शेडमधल्या हवेच्या कॉम्प्रेसरच्या रेग्युलेटरला नळी, मध्ये गेज, दुसरं टोक ॲक्चुएटरला. दाब हळूहळू वाढवला. ०.५, काही नाही. ०.७, काही नाही. ०.९ ला दांडी जेमतेम हलली. म्हणजे हा तसाच बसवला असता तर पहिल्याच फेरीत एक बार बूस्ट, आणि पिस्टनच्या लँड (रिंगांमधल्या कडा) तुटून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात.

दांडीची लांबी फिरवून दाब वाढवता येतो, आतल्या स्प्रिंगच्या खाली आणता येत नाही. भंगारातून दुसऱ्या टर्बोचा मऊ ॲक्चुएटर शोधला. तो ०.३५ ला हलतो आणि ०.६ पर्यंत पूर्ण उघडतो. ब्रॅकेट मात्र बसत नाही. कारण टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूचं तोंड मी इंटरकूलरकडे (दाबून तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे) फिरवलंय आणि मूळ ब्रॅकेट त्याच घराला जोडलेला, त्यामुळे तोही फिरला. नवा ब्रॅकेट ४ मिमी पट्टीतून केला.

फिरवताना पाळायचं एकच: मधलं घर, म्हणजे बेअरिंगचं, ते उभंच राहिलं पाहिजे. तेल वरून येणार, खालून पडणार. पंधरा-वीस अंशांचा कल चालतो, त्यापुढे नाही.

२० ते २६ ऑक्टोबर

दिवाळी. काहीही केलं नाही. खोटं, पाडव्याला दुपारी स्पीडुइनोच्या (इंधन आणि ठिणगी सांभाळणाऱ्या, घरी जुळवायच्या कॉम्प्युटरच्या) बोर्डाला सोल्डरिंग केलं.

२९ ऑक्टोबर

मामांनी बोलावलं. मॅनिफोल्ड झाला. हेडचा फ्लँज एका जुन्या हेडला बोल्टने आवळून मगच वेल्ड करा म्हणून मी ते हेड घेऊन गेलो होतो. मामा हसले, "हे तू मला शिकवतोस?" त्यांच्याकडे त्याआधीच दुसरं हेड टेबलावर आवळून तयार होतं.

थंड झाल्यावर सोडलं, पट्टी आणि फिलर गेज लावलं: मधोमध ०.३ मिमी फट. एवढी काळजी घेऊनही प्लेट वाकतेच. मिलिंगवर एक हात मारून सरळ केलं. आता ०.०५ चं पातं कुठेही जात नाही.

२ नोव्हेंबर

तेलाची येणारी लाइन. ऑइल प्रेशर स्विच जिथे आहे तिथलं भोक एक-अष्टमांश इंची निमुळत्या आट्याचं. तिथे पितळी टी, एका तोंडाला स्विच परत, दुसऱ्याला स्टीलची जाळी असलेली नळी. अर्ध्या तासाचं काम.

जाणाऱ्या लाइनला आख्खा रविवार गेला. चेंबर काढलं, आधी ऑइल पट्टीच्या वरच्या खुणेइतकी पातळी आतून खडूने आखली, तिच्या वर भोक पाडलं. चेंबर पेट्रोलने, मग कपड्याच्या साबणाने धुतलं. तरी वेल्ड करताना पत्र्याच्या छिद्रांतून जुनं तेल बाहेर येऊन फसफसत होतं. मामांनी तीन वेळा घासून तीन वेळा मारलं.

परतीच्या नळीचं एक कोडं आहे ते इथे लिहून ठेवतो. टर्बोत तेल तीन-चार बार दाबाने जातं, पण बेअरिंगमधून गेल्यावर त्याचा दाब संपतो. खाली जे पडतं ते तेल नसतं, हवा मिसळलेला फेस असतो, दह्यावरच्या फेसासारखा. तो फक्त स्वतःच्या वजनाने खाली जातो. त्यामुळे येणारी नळी ४ मिमीची पुरते आणि जाणारी १६ मिमीची लागते.

माझ्याकडे १२ मिमीची होती. ती लावली. रात्रीचे नऊ वाजले होते, दुकानं बंद होती.

९ नोव्हेंबर

हवेची पाइपिंग. इंटरकूलर भंगारातला, १,८०० ला, बंपरच्या आत बरोबर बसला. पाइप ॲल्युमिनियमचे, ५० मिमी. प्रत्येक टोकाला मणी, म्हणजे उंचवटा काढून घेतला. गुळगुळीत टोकावरून सिलिकॉनची होज बूस्ट आला की बंदुकीसारखी सुटते.

एका टोकाला पीव्हीसीची टोपी, तिला सायकलचा व्हॉल्व्ह, आणि आत ०.७ बार हवा. सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस. पंक्चरवाल्याच्या घमेल्यासमोर बसल्यासारखं बसलो. तीन ठिकाणी बुडबुडे. दोन क्लिपा आवळून गेले. तिसरा थ्रॉटल बॉडीच्या शाफ्टमधून, तो तसाच राहणार.

ब्रीदरची (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी) नळी इनटेककडे जाते ती आठवणीने पाहिली. तिथे पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे एकेरी झडप आहे, म्हणजे बूस्ट क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या पोटात) जाणार नाही. असं मी समजलो.

१२ नोव्हेंबर

पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. जुन्या हातात घेतल्यावर आतून चिकट, सुजलेल्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २००३ चं रबर त्यासाठी केलेलं नव्हतं.

त्याच इथेनॉलमुळे ट्यूनिंगची भाषाही बदलावी लागते. साध्या पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण १४.७, या मिश्रणाचं साडेतेराच्या आसपास. वाइडबँड मीटरवर (धुरावरून मिश्रण सांगणाऱ्या) १४.७ दिसलं तर खरं १४.७ नसतं, मीटर फक्त लॅम्बडा १ ला (नेमक्या जुळलेल्या मिश्रणाला; १ च्या खाली म्हणजे इंधन जादा) त्या नावाने दाखवतो. म्हणून मी सगळे तक्ते लॅम्बडातच केले. इंधन मात्र साधारण ७-८ टक्के जास्त लागणार, तेवढे इंजेक्टर मोठे आहेत. आणि ऑक्टेन वाढल्याचा नॉकिंग (इंधन आपोआप भडकून बसणारे ठोके) टाळायला फायदाच. नळ्या खाल्ल्या, पण पिस्टन वाचवेल.

१६ नोव्हेंबर

पहिली सुरुवात. क्रम असा ठेवला: प्लग काढून, इंजेक्टरचा फ्यूज काढून, टर्बोची परतीची नळी डब्यात सोडून स्टार्टर फिरवला. वीस सेकंदांनी डब्यात तेल टपकलं. टर्बो कोरडा फिरवायचा नाही. त्याचे फेरे मिनिटाला दोन लाखांच्या वर जातात, तेलाशिवाय दोन सेकंदही पुरेत.

चावी दिली, इंजिन बंद: मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) ९५ केपीए दाखवतो; १०० केपीए म्हणजे एक बार. समुद्रसपाटीवर १०१ दिसले असते, कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे. सेन्सर खरा बोलतोय.

ट्यूनरस्टुडिओमध्ये (स्पीडुइनोच्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये) इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, १० अंशांवर बांधून टायमिंग लाइट मारला. पुलीवरची खूण १४ वर. चार अंश सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त केले. हे केलं नसतं तर पुढचा सगळा तक्ता चार अंश पुढे, बूस्टमध्ये, आणि मला कळलंही नसतं.

सुरू झाली. आयडल १,१०० वर, लॅम्बडा ०.९५. शेडमध्ये शिट्टीसारखा बारीक आवाज. शेजारचा पोरगा म्हणाला, "दादा, कुकर लावलाय काय?"

दहा मिनिटांनी सायलेन्सरमधून निळा धूर.

१८ नोव्हेंबर

धूर गरम झाल्यावरच, आयडलला जास्त. एका मेकॅनिकने दारातूनच निदान केलं: "टर्बोची सील गेली. दुसरा बघ." साडेसहा हजार त्याच्या खिशातले नव्हते.

टर्बोला आपल्या कल्पनेतली रबरी सील नसतेच, पिस्टन रिंगसारखी कडी असते. ती तेल अडवते ते आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी असतो तोवर. खालून निचरा तुंबला की मधलं घर तेलाने भरतं आणि मग तेल जिथे वाट मिळेल तिथे जातं. म्हणून आधी निचरा पाहायचा.

पाहिला. माझी १२ मिमीची नळी ड्राइव्हशाफ्टला चुकवण्यासाठी खाली जाऊन पुन्हा वर चढत होती. झोळीसारखी. तिथे तेल साचून राहतं, बेसिनखालच्या पाइपात पाणी साचतं तसं. दोन नोव्हेंबरला रात्री नऊ वाजता मीच ती केली होती.

नळीवर सुतळी धरून सरळ रेषा पाहिली. चेंबरचं भोक ६० मिमी डावीकडे असतं तर वाट सरळ होती. जुनं भोक बंद, नवं भोक. चेंबर पुन्हा खाली, पुन्हा पेट्रोल, पुन्हा साबण. मामा काही बोलले नाहीत, फक्त चहा मागवला. नळी आता १६ मिमी, सगळीकडे उतार, कुठेही चढ नाही.

२३ नोव्हेंबर

आयडलला धूर शून्य. बंद पडलेल्या सूतगिरणीचं काँक्रीटचं आवार मालकाच्या परवानगीने मिळालं. गाडी व्हॅनवरून नेली.

दुसरा गिअर, हळूहळू थ्रॉटल. २,२०० ला गेजचा काटा शून्य ओलांडतो. तीन हजाराला ०.४. मागे पाहिलं तर पुन्हा निळा ढग, आणि बॉनेटच्या फटींतूनही.

बॉनेट उघडलं. ऑइल पट्टी नळीतून चार बोटं वर आलेली, हेडवर, इंटरकूलरच्या पाइपवर, सगळीकडे तेल. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून इनटेकच्या बाजूने तोंडाने फुंकलं. हवा सरळ आरपार. २२ वर्षांचा व्हॉल्व्ह कधीचा उघडाच अडकला होता. टर्बोशिवाय कुणाला त्रास नव्हता, कारण तिथे कायम व्हॅक्यूम. बूस्ट आला की तो सरळ क्रँककेसमध्ये. क्रँककेसमध्ये दाब, म्हणजे टर्बोचं तेल खाली उतरायला पुन्हा नकार. कारण वेगळं, पण धूर तोच. मेकॅनिकचं ऐकून टर्बो बदलला असता तर तिसऱ्या टर्बोनेही धूर काढला असता.

तिथेच पीसीव्हीची नळी काढून दोन्ही तोंडं बंद केली आणि ब्रीदर एका बाटलीत सोडला. धूर गेला. घरी येऊन रीतसर कॅच कॅन (वाफेतलं तेल अडवणारा डबा) आणि ब्रेक बूस्टरवर असतो तसा एकेरी व्हॉल्व्ह लावला, यावेळी फुंकून तपासून.

३० नोव्हेंबर

ट्यूनिंगचा दिवस. नॉकिंग ऐकायला तांब्याच्या नळीचं चपटं टोक ब्लॉकला बोल्टने लावलं, दुसरं टोक स्टेथोस्कोपच्या रबराला. बाजूला मित्र लॅपटॉप घेऊन. प्लग एक पायरी थंड, गॅप ०.७ मिमी, एवढ्या दाबात मोठ्या गॅपवर ठिणगी विझते.

३,५०० ला विनाबूस्ट पूर्ण थ्रॉटलचं टायमिंग २८ अंश. १४० केपीएला, म्हणजे ०.४५ बार बूस्टला, तिथे २० ठेवलं. एका पीएसआयला एक अंश हा ठोकताळा साडेसहा सांगतो, मी आठ कमी केले. बूस्टमध्ये लॅम्बडा ०.७८. थोडं जास्तच ओलं आहे, पण हा टर्बो डिझेलच्या थंड धुरासाठी बनलाय. डिझेलचा धूर आठशे अंशांच्या आत असतो, पेट्रोलचा पूर्ण लोडवर नऊशेच्या वर जातो. जादा पेट्रोल तिथे पाण्याच्या शिडकाव्याचं काम करतं. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) मॅनिफोल्डमध्ये आहे, सर्वांत जास्त दिसले ८७०.

नॉकिंग एकदाच ऐकलं, ४,८०० ला, खिशातली दोन नाणी वाजावीत तसं. तिथले दोन अंश काढले.

दुपारी मोठी फेरी. अचानक इंजिन मेल्यासारखं झालं, झटका बसला. लॉगमध्ये १७१ केपीए. मी १७० ला इंधन तोडण्याची मर्यादा घातली होती, तिने वाचवलं. कारण शोधायला दोन मिनिटं लागली: वेस्टगेटला दाब सांगणारी ४ मिमीची नळी मॅनिफोल्डला टेकून जळाली होती. वेस्टगेटला बूस्ट कळलाच नाही, तो बंदच राहिला. आता ती नळी तांब्याची आहे आणि वर उष्णतारोधक कापड.

७ डिसेंबर

मोजमाप, कारण "पिकअप वाढला" याला काही अर्थ नाही. दुसरा गिअर, २,००० ते ५,००० आरपीएम, त्याच काँक्रीटवर, लॉगमधून काढलेला वेळ. टर्बोआधी सप्टेंबरमध्ये तीन फेऱ्यांची सरासरी ४.४ सेकंद. आज ३.२. साडेपाच हजारानंतर मात्र दम संपतो, आलेख सपाट. टर्बो कोंडतोय. अपेक्षित होतं.

बंद करताना दोन मिनिटं आयडलवर ठेवतो. या टर्बोला पाण्याचं कूलिंग नाही, तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल थांबलं की जळून कोळसा होतो.

मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळले. सहापैकी दोन पाव फेरा सैल निघाले. तांब्याचे लॉकनट मागवलेत. क्लच अजून धरतोय, पण वास येतोय.

बाबांना एक फेरी मारून आणलं. ते पूर्ण वेळ हँडल धरून बसले. उतरल्यावर म्हणाले, "पूर्वी पंधराचं ॲव्हरेज द्यायची. आता?" मी उत्तर टाळलं.

८ डिसेंबर

रोज रात्री गाडीखाली रद्दी पेपर पसरून ठेवतो. सकाळी पाहिलं: परतीच्या नळीखाली कोरडं, चेंबरखाली कोरडं, डाव्या बाजूला कूलंटचा एक रुपयाएवढा डाग. रेडिएटरची खालची क्लिप. आवळली. बाबांनी पेपर उचलला, कोडं असलेलं पान डाग सोडून फाडलं आणि पेन शोधायला आत गेले.